खुर्चीची नोट, शिडीची नोट

४ डिसेंबर

नातीने जाड पुठ्ठ्याची वही आणली आहे. म्हणते, "आजी, एक जानेवारीला तुझं टेबल उठणार. आतापासून रोजचं काही सांगत जा, मी लिहीत जाईन." मी म्हटलं, "मला अक्षर आणि मुंगी सारखीच. तू काय लिहिलंस ते मला कसं कळायचं?" तर म्हणाली, विश्वास ठेव. चाळीस वर्षं पैशाच्या धंद्यात काढली. विश्वास ठेव म्हणणाऱ्याची नोट मी आधी उजेडाला धरते. पण ही पडली नात, हिला कुठे धरू?

तर लिही. पुलाच्या अलीकडच्या टोकाला, नाक्याच्या भिंतीला लागून माझं टेबल. घडीचं. वर मेणकापड, मागे स्टूल, नोटा उडू नयेत म्हणून लोखंडी वजन. पूल ओलांडला की दुसरा देश. आपला पैसा तिकडे चालत नाही, त्यांचा इकडे चालत नाही, आणि या दोन न चालणाऱ्यांच्या मधे माझं बरं चाललंय. पैसा बदलून द्यायचा शंभरामागे दोन बट्टा. नवऱ्याने टेबल मांडलं, तो गेला तेव्हा मी स्टुलावर बसले ती उठलेच नाही. आकडे तेवढे येतात. बाकी सगळं बोटांना कळतं.

नातीला वाटायचं, बट्टा म्हणजे डाग, नावाला लागतो तो. म्हटलं, तोच गं हा. पैशाने हद्द ओलांडली की त्याला जरासा डाग लागतो. त्या डागावर तुझ्या बापाचं शिक्षण झालं.

तिचा बाप म्हणजे माझा मुलगा, म्हणजे आमचे कारखानदार. घरामागच्या लांबट खोलीत ब्रश करतो. बुटांचे, कपड्यांचे, बाटल्या धुवायचे. अकरा बायका कामाला. लाकडाला भोकं पाडायची, केसांचा झुबका दुमडून तारेने आत ओढायचा, वरून कापून सारखा करायचा. निम्म्याहून जास्त माल पलीकडचा घाऊकवाला उचलतो. त्याचे पैसे आले की मुलगा माझ्या टेबलावर येतो आणि दर वेळी म्हणतो, "आई, सख्ख्या मुलाकडून बट्टा?" मी म्हणते, "सख्खा आहेस म्हणून दोन. जावई असतास तर तीन घेतले असते."

आता दोन्ही देशांचा पैसा एक होणार. मुलगा खूश आहे. व्यापाऱ्यांच्या सभेत त्याने भाषण केलं म्हणे, की बट्टा हा व्यापाराच्या अंगावरचा गोचीड आहे. घरी येऊन मला म्हणाला, "तुला उद्देशून नव्हतं ते."

मी म्हटलं, "नाही कसं? पुलावर दुसरा गोचीड आहे कोण?"

१ जानेवारी

झालं. नव्या नोटा कोऱ्या, कडक, बोटाला अनोळखी. लोक पुलावर जमले होते. नाकेवाल्याने मला खुर्ची दिली, पाहुण्यासारखी. पुलाच्या दोन्ही टोकांना तीच नोट चालते, हे बघायला लोक इकडे चहा घेत होते आणि तिकडे जाऊन परत चहा घेत होते. माझ्याकडे कुणाचं काही काम नव्हतं.

टेबल घरी आणलं. सून त्याच्यावर इस्त्री करते. उंची अगदी बरोबर आहे म्हणाली. बिचारीच्या मनात काही नाही, पण मला ते लागलं.

२० फेब्रुवारी

दिवसभर खिडकीत बसते. बायका रिकाम्या पिशव्या घेऊन पूल चढतात आणि भरलेल्या घेऊन उतरतात. साबण तिकडे स्वस्त, दोरा स्वस्त, साखरसुद्धा. आधी काय महाग नव्हतं इकडे? होतं. पण दोन वेगळे पैसे होते, मनातल्या मनात गुणाकार करता करता बाई कंटाळून इथेच घ्यायची. आता दोन्हीकडच्या पाट्या एकाच भाषेत बोलतात. वाचता न येणाऱ्या मलाही आकडा दिसतो.

कोपऱ्यावरचा किराणावाला म्हणाला, "आजी, तुमचं टेबल होतं तोवर माझ्या दुकानावर पडदा होता. आता उघडा पडलो."

मी म्हटलं, "अरे मग अंगावर काहीतरी घे." हसला नाही. पूर्वी हसायचा.

११ एप्रिल

कारखानदारांनी मशीन आणलं. भोकं पाडायचं आणि झुबका ओढायचं, दोन्ही तेच करतं. पलीकडच्या मशीनवाल्याने हप्त्यांवर दिलं. पूर्वी असं कर्ज घ्यायला छाती लागायची, आपला पैसा घसरला की हप्ता वाढायचा. आता पैसा एकच, भीती नाही, असं मुलगा म्हणतो. घाऊकवाल्याने मागणी दुप्पट केली आहे. मुलगा आनंदात आहे, म्हणून मीही आहे. निदान तसं लिही.

अकराजणी मशीनभोवती उभ्या होत्या. त्यातली सगळ्यात जुनी चष्मेवाली, पहिल्या दिवसापासूनची, म्हणाली, "आजी, हे पगार मागत नाही, एवढंच वाईट दिसतंय."

मुलगा म्हणाला, कुणालाही काढणार नाही. त्याचा स्वभाव तसा आहे. माझ्यावर गेलेला नाही.

२ जुलै

मुलाची आणि माझी आज वादावादी झाली. मधे बरेच दिवस काही लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं आणि जे होतं ते सांगावंसं वाटलं नाही.

पलीकडे मोठी ब्रशगिरणी आहे. तिने भाव उतरवले. घाऊकवाला म्हणतो, तुम्हीही उतरवा. मुलगा कागदावर आकडे मांडत बसला होता. मी म्हटलं, "अरे, पूर्वी असं झालं की काय व्हायचं आठवतं का? आपला पैसा आजारी पडायचा. आजारी पडला की त्यांना आपलं सगळं आपोआप स्वस्त. माणसं पूल भरून यायची, तुझे ब्रश उचलायची. तुला काही करावं लागायचं नाही. पैसाच तुझ्या वतीने पडून घ्यायचा."

"आणि आता?"

"आता पैशाला पडता येत नाही, म्हणून माणसाला पडावं लागतं."

तो म्हणाला, "आई, तुला टेबल परत हवंय, म्हणून हे सगळं बोलतेस."

खोटं कशाला बोलू? ते होतंच थोडं. पण मी सांगितलं तेही खरं होतं. एका तोंडातून दोन्ही निघालं, तर ऐकणाऱ्याने काय करावं?

संध्याकाळी त्याने बायकांची मजुरी शंभरामागे दहाने कमी केली. सांगताना खाली बघत होता. चष्मेवाली म्हणाली, "चालेल, मालक. पण वर बघून सांगा."

९ सप्टेंबर

आज मी अक्षरं शिकले. दोन.

वरच्या आळीतले म्हातारे मास्तर आले. मला वाटलं, चहाला. दार लोटून त्यांनी खिशातून दोन नोटा काढल्या. एकाच रकमेच्या, एकाच रंगाच्या. म्हणाले, "यांत फरक सांगा."

मी चोळल्या, वाकवल्या, उजेडाला धरल्या. "दोन्ही खऱ्या."

"खऱ्याच आहेत. पण ही आपल्या छापखान्यातली आणि ही त्यांच्या. नंबराच्या आधी अक्षर आहे बघा."

मग कळलं, गावात कुजबुज काय चालली आहे ती. आपला देश या जोडपैशातून बाहेर पडणार म्हणतात. सरकारच्या अंगात त्राण नाही म्हणतात. तसं झालं तर आपल्या अक्षराच्या नोटा एका सकाळी जुन्या पैशात जमा होतील, आणि त्यांच्या अक्षराच्या तशाच राहतील. बँक सांगते, दोन्ही सारख्याच. बँक दुसरं काय सांगणार?

मास्तरांना आपल्या नोटा देऊन त्यांच्या हव्या होत्या. निवृत्तीचे पैसे आहेत. म्हणाले, "वर काय द्यायचं ते सांगा."

मी अक्षरं नीट बघितली. आपलं अक्षर खुर्चीसारखं दिसतं, उंच पाठीची, बाजूने बघितलेली. त्यांचं शिडीसारखं, दोन दांडे आणि मधे एक पायरी. मी म्हटलं, "म्हणजे तुम्हाला खुर्ची नको, शिडी हवी."

मास्तर खूप हसले. "बरोबर आहे. खुर्चीवर बसून राहायचं की शिडीने सटकायचं."

घरात शिडीच्या नोटा सापडल्या तेवढ्या दिल्या. शंभरामागे तीन. ते गेल्यावरही माझी बोटं त्यांच्या नोटा पुन्हा पुन्हा मोजत होती. संशयाने नाही. नऊ महिन्यांनी त्यांना काम मिळालं होतं.

१५ सप्टेंबर

टेबल पुन्हा पुलावर. सून इस्त्री पलंगावर करते. टेबल मुलानेच उचलून नेऊन दिलं. नाकेवाला म्हणाला, "आजी, पैसा एक झाला ना? मग बदलता काय?"

"मन बदलून देते," मी म्हटलं.

आज शंभरामागे चार.

२८ सप्टेंबर

मला एक माणूस भेटला आहे. सून म्हणेल, या वयात. पलीकडचा आहे, पन्नाशीचा, स्वच्छ शर्ट, बोलणं असं की चहात साखर टाकायला नको. मी त्याला गोडबोल्या म्हणते, तोंडावर म्हणते, त्याला आवडतं.

सगळ्यांना शिड्या हव्यात. मी शिड्या आणू कुठून? गोडबोल्या उलटा आहे. तो शिड्या घेऊन येतो आणि खुर्च्या मागतो. कोऱ्या गड्ड्या आणतो, शंभर शिड्यांना एकशे चार खुर्च्या घेऊन जातो, माझा एक बट्टा वेगळा देतो. पुन्हा दोन दिवसांनी हजर. मी विचारलं, "लोक खुर्च्या टाकतायत आणि तुम्ही गोळा करताय. वेड लागलंय का?"

म्हणाला, "आमच्या मालकाचा तुमच्या देशावर विश्वास आहे, आजी."

असा एक तरी असावा माणूस. त्याच्या जिवावर टेबल चाललंय.

त्याच्या गड्ड्या मी निळ्या दोऱ्याने बांधून देते, माझ्या आईच्या गाठीने. दुहेरी वेढा आणि आतून फास. ओढली की घट्ट होते, एक टोक चिमटीत धरलं की सुटते. तो म्हणाला, अशी गाठ पाहिली नाही. मी फुगले. नाही कशाला म्हणू?

१० ऑक्टोबर

गावाने माझे शब्द उचलले. किराणावाला गिऱ्हाइकाला म्हणतो, शिडी असेल तर उधारी चालेल, खुर्ची असेल तर रोख दे. बँकेच्या दारावरचा पहारेकरी सुनेला म्हणाला, आज आत सगळ्या खुर्च्याच आहेत. पोरंसोरं खेळात म्हणतात. आधी लोकांना ते अक्षर दिसत नव्हतं. मास्तरांसारख्या वाचणाऱ्यांना दिसायचं. आता कुणीही नोट हातात घेतली की अंगठा कोपऱ्याकडे जातो.

नात म्हणाली, "आजी, तू त्या नोटेला नाव ठेवलंस."

मी म्हटलं, "ठेवलं तर. बारसं केलं."

ती म्हणाली, "आणि गावाने नावं ठेवली." तिला वाटतं, शिकली म्हणून ती मोठी. पण वाक्य बरं होतं, म्हणून लिहायला सांगितलं.

आज सहा.

१८ ऑक्टोबर

मुलगा जेवायच्या आधी माझ्याजवळ येऊन बसला. हातात निळ्या दोऱ्याचा तुकडा. म्हणाला, "आई, ही गाठ दुसरं कुणी बांधतं का?"

"कुणाच्या बापाला जमायची नाही. माझ्या आईने मला दिली. मला मुलगी नाही, म्हणून ती माझ्याबरोबर जाणार."

"हं," म्हणाला. दोरा बोटाला गुंडाळला, मग खिशात ठेवला. "जेवण बरं जातं ना तुला हल्ली?"

"चांगलं दोन घास जास्त जातं."

"बरं," म्हणाला आणि उठला.

इथे नात लिहायची थांबली. म्हटलं, काय झालं, शाई संपली का? नाही म्हणाली. मग लिही की.

२ नोव्हेंबर

पुलावर आता पाच टेबलं. चार माझी नक्कल. पण भाव माझ्याकडचा विचारतात. सकाळी मी मेणकापड पुसलं की दोन्ही टोकांची माणसं उभी राहतात. मी बोटं दाखवते. आज नऊ. ते बघून पलीकडचे दुकानदार ठरवतात, इकडच्या माणसांकडून कुठली नोट घ्यायची आणि किती वर मागायचं. एवढा मान मला लग्नातसुद्धा मिळाला नव्हता.

घरात मात्र सगळे असे चालतात, जणू कुणी आजारी आहे. मशीन दिवसातून दोन तास चालतं. मजुरी परत कापली. मुलगा पलीकडे लाकूड आणायला गेला आणि अर्धंच घेऊन आला. विचारलं तर म्हणाला, तेवढंच लागतंय. सून माझ्याशी गोड बोलते, त्याची मला जास्त भीती वाटते.

१२ नोव्हेंबर

हे कसं सांगू ते कळत नाही. सांगते तसं लिही, सुधारू नकोस.

कात्री हवी होती, म्हणून कारखान्यातल्या खणात हात घातला. हाताला गाठ लागली. माझी गाठ. एक नाही, सात गड्ड्या, निळा दोरा, दुहेरी वेढा, आतून फास. सगळ्या खुर्च्या.

माझ्या मनात काय आलं, तेही लिही. चोरी. मला वाटलं, माझ्या डब्यातल्या आहेत, सुनेने काढल्या. सरळ स्वयंपाकघरात गेले आणि बोलले. "मागितले असते तर दिले नसते का? डब्यात हात कशाला घातलास?"

सुनेने हात पुसले. "आई, आधी डबा मोजा."

मोजला. एक नोट कमी नव्हती.

"आता बसा," ती म्हणाली. मी बसले नाही. तेव्हा उभ्यानेच तिने सांगितलं. गोडबोल्या घाऊकवाल्याचा कारकून आहे. तो शंभर शिड्या देऊन माझ्याकडून एकशे नऊ खुर्च्या नेतो. त्याच खुर्च्या घाऊकवाला आमच्या ब्रशांचे पैसे म्हणून मुलाला देतो, शंभराच्या शंभर धरून. नोट सारखीच आहे, बँकच सांगते, असं म्हणतो. आणि मुलगा त्या घेऊन पलीकडे लाकूडवाल्याकडे, केसवाल्याकडे, मशीनच्या हप्त्याला गेला की ते म्हणतात, खुर्ची? मग वर नऊ टाका. पुलावरच्या म्हातारीचा भाव आहे तो.

बँकेतून पाठवावं म्हटलं तर बँक आठवड्याला चिमूटभरच पलीकडे जाऊ देते.

"म्हणजे दर खेपेला शंभरामागे नऊ त्याचे गेले," मी म्हटलं.

"गेले. शंभराच्या ब्रशांमागे सुटत होते चार."

"कधीपासून माहीत आहे?"

"गाठ बघितली त्या दिवसापासून."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"ह्यांनी सांगू दिलं नाही. म्हणाले, आई जानेवारीनंतर पहिल्यांदा पोटभर जेवतेय."

मी नातीकडे बघितलं. ती दारात होती. तिलाही माहीत होतं. या वहीत माझ्याच तोंडून सगळं उतरवत होती आणि तिला माहीत होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात. इथे दातांना ओठ कळले नाहीत, आणि ओठ गप्प बसले.

१३ नोव्हेंबर

गोडबोल्या आला. आजी, आज किती, म्हणाला. मी म्हटलं, "तुझ्या मालकाचा आमच्या देशावर विश्वास आहे ना? मग पलीकडच्याच कुणाकडून घे खुर्च्या."

तो वाईट दिसला नाही, तेच वाईट. म्हणाला, "आजी, मी नोकर माणूस." आणि शेजारच्या टेबलाकडे गेला. त्यांनी त्याला हसून स्टूल दिलं.

१४ नोव्हेंबर

मुलाशी बोलायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "तू नसतीस तर दुसऱ्या कुणीतरी टेबल मांडलं असतं." खरं आहे. पण दुसऱ्या कुणाचा भाव लोकांनी ऐकला नसता.

एक गोष्ट सुचली आहे. लोक माझी बोटं बघतात ना? मग उद्या बोटं दाखवायचीच नाहीत. बट्टा नाही. खुर्ची द्या, शिडी घ्या, सारख्याला सारखी. म्हातारी फुकट देते म्हटल्यावर भीती जाईल. भीती गेली की लाकूडवाल्याचं तोंड बंद. डब्यात शिड्या भरपूर आहेत, माझी सगळी कमाई त्यातच ठेवली होती. नवऱ्याने ठेवलेलं होतं, तेही बदलून घेतलं होतं.

नात म्हणाली, "आजी, संपल्या तर?"

मी म्हटलं, संपायच्या आधी लोकांना पटेल.

१५ नोव्हेंबर

संपल्या.

सकाळी मूठ बंद करून दाखवली. आधी लोकांना कळलं नाही. मग कळलं. नऊ वाजता रांग किराणावाल्यापर्यंत होती, दहाला बँकेच्या पुढे. मास्तर आले, उरलेल्या चार खुर्च्या देऊन शिड्या घेऊन गेले, तोंडाकडे बघितलं नाही. बाकीच्या चार टेबलवाल्यांनी आपापल्या बायका रांगेत उभ्या केल्या. मी ओळखलं, तरी दिल्या. नाही म्हटलं असतं, तर भीती दिसली असती. चष्मेवालीही रांगेत होती. तिची पाळी आली तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. मी डब्यात हात घातला आणि नख पत्र्याला लागलं.

तिने ते ऐकलं. नोट पदरात परत बांधली.

पण तिच्या मागच्याने ऐकलं. "म्हातारीच्या शिड्या संपल्या." हेच वाक्य पुलावरून तिकडे गेलं. मला ते जाताना दिसलं. एकेक डोकं वळत गेलं.

चारही टेबलांवर लगेच पंधरा. तीन वाजता बावीस. टेबल घडी करताना सत्तावीस.

मी भीती मोडायला निघाले होते. लोकांच्या डोक्यात एवढंच राहिलं, की शहाण्या म्हातारीनेसुद्धा हात टेकले.

१९ नोव्हेंबर

घाऊकवाल्याचं पत्र. नातीने वाचलं. वातावरण निवळेपर्यंत मागणी थांबवत आहोत, असं आहे. मुलाने घडी घालून खिशात ठेवलं. मशीनवाल्याची माणसं येत्या आठवड्यात मशीन न्यायला येणार. मुलाला पलीकडच्या ब्रशगिरणीत कामावर घेत आहेत, भोकं पाडायच्या खात्यात. कारखानदाराला भोकं पाडायच्या खात्यात.

२४ नोव्हेंबर

काही नाही. लिही, काही नाही. दोन घाससुद्धा नाहीत.

सरकार रेडिओवर रोज सांगतं, देश जोडपैशातच राहणार, अफवांवर विश्वास ठेवू नका. आमच्या गावात ती अफवा नाही. ते टेबल आहे, आणि टेबलामागे मी होते.

३० नोव्हेंबर

आज अकराजणींचा शेवटचा पगार. मुलाकडे द्यायला नव्हतं. माझ्याकडे डबा भरून होतं, त्या दिवशी लोकांनी दिलेल्या सगळ्या खुर्च्या. मी म्हटलं, मी देते. तो नको म्हणाला नाही. तसा तो नको म्हणायच्या पलीकडे गेला आहे.

लांबट खोलीत मशीनच्या जागी जमिनीवर चार तेलकट ठसे राहिले आहेत. त्यांच्या बाजूला टेबल मांडलं, माझंच. बायका आत आल्या आणि नेहमीच्या जागांवर उभ्या राहिल्या, हाताला काम नसताना. मुलगा भिंतीवरची लाकडी मापं काढून खोक्यात भरत होता.

सगळ्यात आधी चष्मेवालीला दिले. पूर्ण मजुरी लावली, कापायच्या आधीची. तिने गड्डी घेतली. वरच्या नोटेवर तिचा अंगठा कोपऱ्याकडे गेला. मग चष्मा कपाळावर सरकवून तिने नोट खिडकीकडे धरली. ते तिला कुणी शिकवलं, हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

"वाईट वाटून घेऊ नका, आजी," ती म्हणाली. "पण आज याला बट्टा किती?"

मी म्हटलं, "नोट चांगली आहे गं."

"चांगलीच आहे. पोरांची औषधं पलीकडून आणावी लागतात, म्हणून विचारते."

पाच म्हणता आलं असतं. दहा म्हणता आलं असतं. तिने विश्वास ठेवला असता, निदान पूल ओलांडेपर्यंत. मुलगा मापं भरायचा थांबला होता. मला वाटलं, तो माझ्याकडे बघतोय, पण मी वर बघितलं नाही. चाळीस वर्षांत टेबलावर मी खोटा भाव सांगितला नाही, आणि आता सांगायला जीभ कुठून आणणार?

"तीस," मी म्हटलं.

तिने मनातल्या मनात आकडा मांडला. "म्हणजे सत्तर," म्हणाली, आणि मागच्या बाईला जागा करून दिली.

बाकीच्या दहाजणींनी काही विचारलं नाही. एकेक पुढे आली, एकेक गड्डी घेतली. अकरावीच्या हातात देताना सवयीने माझ्या तोंडून गेलं, मोजून घे, बाई.

तिने मोजली नाही.